आज्जी मागच्या सीटवर बसेनात: खाली बसवलेल्या एका स्विफ्टचं प्रकरण

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पहिला पाऊस पडून गेल्यावर, एक पांढरी स्विफ्ट माझ्या दारात येऊन थांबली. २०१४ चं मॉडेल, पेट्रोल, एमएच १० पासिंग, तासगावच्या एका बेदाणेवाल्या घरातली. चालवणारा नातू २३-२४ वर्षांचा. शेजारच्या सीटवर पाठीला उशी लावून त्याची आज्जी. मिरजेला डॉक्टरांना कंबर दाखवून दोघं घरी निघाली होती. नातू काही बोलायच्या आत आज्जीच बोलल्या, "ह्या गाडीत मी आता बसणार न्हाई बघा. पुढच्या बारीला एसटीनं जाईन."

सांगलीत माधवनगर रोडला माझं सस्पेन्शन आणि अलाइनमेंटचं काम आहे. स्प्रिंग बदलून किंवा कापून उंची कमी केलेल्या, म्हणजे खाली बसवलेल्या, गाड्या महिन्याला दोन-तीन तरी येतात. बहुतेकांचं म्हणणं एकच असतं: "काका, परत वर करून द्या, घरचे ओरडतात." हा पोरगा तसं म्हणाला नाही. "गाडी खालीच पाहिजे, काका. पण आज्जी मागं बसली पाहिजे, आणि झोप लागली पाहिजे तिला." या वाक्यासाठी मी काम घेतलं. गाडी देखणी दिसावी असं वाटणं हा काही गुन्हा नाही. तिच्यात बसणाऱ्यानं त्याची किंमत हाडांनी मोजावी, हे मात्र मला पटत नाही. आणि दोन्ही गोष्टी एकत्र जमतात, फक्त मापं घ्यायचे कष्ट घ्यावे लागतात.

आधी कुणी काय केलं होतं ते बघितलं. बाहेर एका ठिकाणी ग्राइंडरनं पुढच्या स्प्रिंगांचा सव्वा वेढा कापला होता, मागच्यांचा एक. शॉकअप (स्प्रिंगेचा झोका अडवणारे शॉक अब्सॉर्बर) मूळचेच, गाडी ९० हजार किलोमीटरच्या पुढं गेलेली. मूळ १५ इंची चाकं काढून १७ इंची घातलेली, टायर २०५/४५ (रुंदी २०५ मिमी, भिंतीची उंची तिच्या ४५ टक्के). खड्ड्यात रिम वाकू नये म्हणून हवा ३८ पीएसआय. पुढच्या दोन्ही टायरची आतली कड तारा दिसेपर्यंत खाल्लेली. डाव्या पुढच्या शॉकअपवर तेलाचा ओघळ, त्यावर धूळ बसून काळा लेप झालेला.

मी आधी चालवून बघतो, पाना नंतर हातात घेतो. बुधगावच्या बाजूला जाऊन आलो. गाडीला दोन वेगवेगळी दुखणी होती आणि पोरगा त्यांना एकच समजत होता. पहिलं म्हणजे बारीकशा उंचवट्यावरसुद्धा "धप" असा कोरडा ठोका, थेट सीटमधून कण्यात. दुसरं म्हणजे साठच्या वेगाला गाडी होडीसारखी डोलायची, नाक खाली, शेपूट वर, आणि एक लाट संपली तरी आणखी दोन-तीन झोके देत राहायची. चाळीसला हे कमी, ऐंशीला पुन्हा कमी. ठोक्यावरचं औषध डोलण्याला लागू पडत नाही, म्हणून ही फोड आधी करावी लागते.

डोलण्याचं कारण अर्धं रस्त्यात आहे. कृष्णेच्या या पट्ट्यातली काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळून आकसते. वर डांबर कितीही चांगलं टाका, खालची जमीन हलली की त्यात लांब लांब लाटा उठतात. एक लाट साधारण १२ मीटरची धरा. ताशी ६० म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. म्हणजे सेकंदाला १.४ लाटा चाकाखालून जातात. गाडीचं अंग स्प्रिंगांवर ज्या चालीनं स्वतःहून वरखाली होतं ती चालही नेमकी याच्याच आसपास असते. झोपाळ्याला योग्य वेळी धक्का बसत गेला की तो चढत जातो, तसं हे होतं. त्या वेळी झोका अडवायचं काम एकट्या शॉकअपचं, आणि या गाडीचे शॉकअप केव्हाच थकले होते. वर स्प्रिंग कडक झालेली. कडक स्प्रिंग दबल्यावर जास्त जोरानं परत उसळते, तिला धरायला आणखी तगडा शॉकअप लागतो. इथं उलटं झालं होतं.

आता ठोका. त्याच मॉडेलची, कुणी हात न लावलेली एक स्विफ्ट त्या आठवड्यात माझ्याकडं दुसऱ्या कामाला आली होती. तिची मापं समोर ठेवली. तिची पुढची स्प्रिंग गाडीच्या वजनानं १४५ मिमी दबते. यावरून अंगाची चाल निघते सेकंदाला १.३ वेळा. आरामशीर गाड्यांची चाल १ ते १.५ च्या दरम्यान असते. कापलेल्या स्प्रिंगेत काम करणारे वेढे ५ होते, उरले पावणेचार. वेढे कमी झाले की स्प्रिंग त्याच प्रमाणात कडक होते, म्हणजे इथं ३३ टक्के. पण चाल वर्गमुळाच्या हिशेबानं वाढते, म्हणून ती १.३ वरून १.५ वर गेली, बस्स. दीडची चाल माणसाला झोपू न देण्याइतकी वाईट नाही. मग आज्जींच्या कण्यात बसणारा ठोका कुठला?

तो होता बंप स्टॉपचा. शॉकअपच्या रॉडवर वरच्या टोकाला फोमसारख्या रबराचा एक खुंट असतो. चाक फार वर आलं की शॉकअपची नळी त्याला टेकते आणि धातूवर धातू आपटायचं वाचतं. मी धुळीचा बूट वर सरकवून टेप लावली. धड गाडीत नळी आणि खुंट यांच्यामध्ये ५१ मिमी मोकळी जागा होती. या गाडीत होती ६. फेंडर, म्हणजे चाकावरची पत्र्याची कमान, ४५ मिमीनं खाली आला आणि ती ४५ इथून गेली. आपली गाडी स्प्रिंगवर चालते असं पोराला वाटत होतं, प्रत्यक्षात ती रबराच्या खुंटांवर चालत होती. जरा मोठा खडा आला की ६ मिमी संपायचे आणि पुढचा सगळा मार खुंटावर. डावा शॉकअप फुटला तोही यानंच.

ही मोजणी मी पोराला स्वतःच्या हातानं करायला लावली. टेप धरून तो दोन मिनिटं नुसता बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे स्प्रिंग मऊ घातली तर आणखी वाईट." अगदी बरोबर. मऊ स्प्रिंग त्याच उंचीवर घातली तर उरलेले ६ मिमी अजून लवकर संपतात. आराम हा मऊपणात आहे त्याहून जास्त उरलेल्या जागेत आहे.

दुसरी गोष्ट त्याला दाखवली ती आरामाची नव्हती, जिवाची होती. पुढून जॅकवर गाडी उचलली, चाक लोंबकळत सोडलं आणि स्प्रिंगेला हात घातला. ती हातानं गरागरा फिरली. कापल्यामुळं तिची लांबी इतकी कमी झाली होती की चाक पूर्ण खाली गेलं की ती आपल्या वाटीत सैल पडायची. भरधाव वेगात उंचवट्यावरून गाडी हलकी झाली आणि परत बसताना स्प्रिंग वाटीच्या बाहेर टेकली तर काय होईल, हे सांगायची गरज पडली नाही. याहून वाईट म्हणजे गॅसनं तापवून बसवलेल्या स्प्रिंगा. त्यात पोलादाचा कसच निघून जातो, ती हळूहळू बसतच राहते आणि एक दिवस मोडते. असलं काम कुणी स्वस्तात करून देत असेल तर तिथून गाडी घेऊन सरळ निघा.

मग प्रश्न उरला: किती खाली? पोराला ४५ पाहिजे होतं, कारण फोनमधल्या फोटोतली गाडी तेवढी होती. मी म्हटलं, आकडा फोटोवरून नको, तुझ्या रस्त्यावरून काढू. रविवारी सकाळी आम्ही दोघं त्याच्या रोजच्या वाटेनं निघालो. माधवनगर, बुधगाव, कवलापूर, कवठे एकंद, तासगाव. बरोबर दोरी, स्टीलची पट्टी आणि वही. प्रत्येक स्पीड ब्रेकरवर दोरी ताणून उंची आणि रुंदी लिहून घेतली. लोक थांबून विचारत होते, "नवा रस्ता व्हनार हाय का?"

या वहीतून जे निघालं ते मला इतक्या वर्षांत कधी इतकं स्वच्छ दिसलं नव्हतं. रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या प्रमाणात बसणारा गतिरोधक ३.७ मीटर रुंद, मधोमध १० सेंमी उंच, १७ मीटर त्रिज्येचा असतो, ताशी २५ नं ओलांडायचा. आपल्या स्विफ्टची पुढची आणि मागची चाकं २४३० मिमी अंतरावर. म्हणजे गाडी मधोमध आली की चारही चाकं त्या गतिरोधकाच्या पाठीवरच असतात, गाडी स्वतःच वर उचलली गेलेली असते. पोटाखालची जागा तो किती खातो? हिशेब केला तर फक्त ४३ मिमी. असल्या गतिरोधकावर पोराची ४५ नं बसवलेली गाडीही आरामात जाते. पण गल्लीच्या तोंडाशी डांबर नाहीतर काँक्रीट ओतून हातानं केलेला उंचवटा ७०-८० सेंमी रुंद असतो. पुढची चाकं उतरून जातात, मागची अजून चढलेली नसतात, आणि तो अख्खाच्या अख्खा पोटाखाली येतो. जितका उंच तितकी जागा खातो, एक मिमीची सूट नाही. त्याच्या वाटेवरचा सगळ्यात उंच असा निघाला ११० मिमी.

आता गाडीकडं. कंपनीनं दिलेला ग्राउंड क्लिअरन्स १७० मिमी, तो रिकाम्या गाडीचा. पुढं ४५ कापले, उरले १२५. चार माणसं बसवून चेंबरखाली (इंजिनच्या तळाशी असलेल्या तेलाच्या भांड्याखाली) पट्टी घातली तर १००. शंभराच्या गाडीनं एकशेदहाचा उंचवटा ओलांडायचा म्हणजे चेंबर घासणारच, आणि चेंबरवर लांबट ओरखडे होतेही. चार माणसांनिशी निदान १२० उरले पाहिजेत, तर पहिल्या गिअरमध्ये सावकाश नेल्यावर गाडी सुटेल. यावरून आकडा आला: मूळ उंचीपेक्षा २५ मिमी खाली. त्याहून जास्त नाही. उसाच्या हंगामात ट्रॉल्या चाकोऱ्या पाडतात आणि रस्त्याचा मधला भाग वर राहतो, तेव्हा हे १० मिमीसुद्धा कमी वाटतील. पोराचा चेहरा पडला. मी त्याला धड स्विफ्टच्या फेंडरवर चिकटपट्टी लावून २५ मिमी खालची रेघ दाखवली. टायर आणि फेंडरमधली ती रिकामी पोकळी, जी त्याला खटकत होती, ती तेवढ्यात जवळजवळ भरून येत होती. डोळ्याला पहिले २५ जास्त दिसतात, पुढचे २० तितके दिसत नाहीत. ते बघून तो तयार झाला.

कॉइलओव्हरचा, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग यांच्या आटे असलेल्या एकत्र संचाचा, विचार झाला. त्यात उंची हवी तशी ठेवता येते, आणि ज्यांत नळीची लांबी वेगळी आणि स्प्रिंगेचा ताण वेगळा बदलता येतो ते चांगले असतात. पण एकदाच ठरवलेल्या उंचीसाठी एवढा खर्च करण्यात अर्थ नव्हता. चिखलपाण्यात त्यांचे आटे जाम होतात, त्यांची निगाही राखावी लागते. आम्ही तयार लोअरिंग स्प्रिंगा घेतल्या, मूळपेक्षा पुढं १५ टक्के आणि मागं २० टक्के कडक, आणि त्यांना जुळणारे गॅसचे शॉकअप. शॉकअप निवडताना मी एकच गोष्ट बघितली: परत उसळताना तगडे, दबताना जवळपास मूळसारखेच. दबताना कडक असलेला शॉकअप खड्ड्याचा मार अंगात पोचवतो, उसळताना कडक असलेला झोका थांबवतो.

मागच्या स्प्रिंगा पुढच्यांपेक्षा जास्त कडक का, हे पोरानं विचारलं. कुठलीही लाट आधी पुढच्या चाकाला लागते. ताशी ७२ च्या वेगाला मागच्या चाकाला ती ०.१२ सेकंदानं लागते. पुढची बाजू आधी झोका घ्यायला लागते, मागची उशिरा. मागची चाल जराशी जलद ठेवली तर ती पुढचीला गाठते आणि दोन्ही बाजू एकदम वरखाली होतात. तसं झालं की नाकाचं खालीवर होणं मरतं. मॉरिस ऑली नावाच्या इंजिनिअरनं १९३० च्या दशकात अमेरिकेत कॅडिलॅकच्या गाड्यांवर काम करताना हे मांडलं, आणि ते आजही तितकंच खरं आहे. कापाकापीत पुढं ३३ टक्के आणि मागं जेमतेम १५ टक्के कडकपणा वाढला होता. मेळ तिथंच मोडला होता.

बंप स्टॉपचं काम सगळ्यात जपून केलं. २६ मिमी (नव्या स्प्रिंगांवर गाडी शेवटी इतकी बसली) गेल्यावर ५१ पैकी २५ उरत होते. खुंटाची लांबी १५ नं कमी केली तर ४० होतात. पण खुंट कुठून कापायचा? त्याचं खालचं टोक निमुळतं आणि मऊ असतं, पहिला स्पर्श त्याचा, म्हणून ठोका जाणवत नाही. बरेच जण तेच कापतात, आणि मग नळी थेट जाड भागावर आदळते. मी वरून, जाड बाजूनं कापला. नंतर स्प्रिंग न घालता नुसता स्ट्रट (शॉकअपचा खांब) गाडीत बसवला, चाक लावलं आणि जॅकनं चाक हळूहळू वर उचललं, खुंट पूर्ण दबेपर्यंत. स्टिअरिंग एका टोकाला, मग दुसऱ्या. पोरगा टॉर्च घेऊन आत बघत होता: टायर फेंडरच्या आतल्या लायनरला लागतो का, ब्रेकची नळी ताणते का, शॉकअप आतून टेकतो का. कुठं काही लागलं नाही. एक तास गेला या तपासणीत. ही केल्याशिवाय खुंट कापू नये. मग स्प्रिंगा घालून चाक पूर्ण खाली सोडलं, तर वाटीत अजून २० मिमीचा ताण शिल्लक होता. हातानं हलत नव्हती.

चाकांवरून आमचं खरं भांडण झालं. १७ इंची रिमवरच्या २०५/४५ टायरची भिंत ९२ मिमी. मूळच्या १८५/६५ ची १२०. रस्त्याचा बारीक खडखडाट स्प्रिंगपर्यंत पोचायच्या आत टायरच पितो, आणि त्यातले २८ मिमी त्यानं दिखाव्यासाठी घालवले होते, वर चाकाचं वजनही वाढवलं होतं. मला १५ पाहिजे होतं, त्याला १७. १६ वर मिटलं, १९५/५५, भिंत १०७. बाहेरचा व्यास मूळच्या इतकाच. हवा दरवाजाजवळच्या स्टिकरवर लिहिल्याप्रमाणं. नुसती हवा ३८ वरून खाली आणल्यावर जो फरक पडला तो त्याला पटेना, इतका होता.

पुढची चाकं धरणाऱ्या लोअर आर्मचे आणि मागची चाकं जोडणाऱ्या बीमचे बुश, म्हणजे सांध्यातली रबरं, यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करून, खालून शेवटचे कसले. जॅकवर लोंबकळत्या चाकानं कसले तर रबर त्याच अवस्थेत धरलं जातं, गाडी खाली आल्यावर कायम पिळलेलं राहतं. ते स्प्रिंगेसारखा उलटा जोर देतं आणि थोड्या महिन्यांत फाटतं. अलाइनमेंटमध्ये टो, म्हणजे चाकांची तोंडं आत की बाहेर वळलीत ते माप, बराच बाहेर गेला होता, आतल्या कडा त्यानंच खाल्ल्या होत्या. कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, गाडी २६ मिमी खाली असताना कंपनीच्या मर्यादेत आला. हेडलाइटचा झोत परत लावला. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: नोंदणीतला तपशील कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. हे मी प्रत्येकाला सांगतो, यालाही सांगितलं. विमा कंपनीला लेखी कळवायला लावलं आणि मूळ मापाच्या स्प्रिंगांचा संच घरी ठेवायला लावला.

पहिल्या फेरीला आज्जी मागं बसायला तयार नव्हत्या. मीच गाडी चालवली, त्यांना म्हटलं, "आज्जी, बुधगावपर्यंतच. कंबर दुखली तर तिथंच थांबवतो." साठला त्याच लाटांवरून नेली. एक उठाव, एक बसणं, आणि शांत. मग हातानं केलेल्या उंचवट्यावर पहिल्या गिअरमध्ये चढवली. चेंबर सुटला. आज्जी काही बोलल्या नाहीत. परत येताना मात्र त्यांनी पाठीची उशी काढून शेजारी ठेवली होती.

एक गोष्ट मनासारखी झाली नाही. मागं तिघं आणि डिकीत बेदाण्याचे बॉक्स भरले की मागचे खुंट अजून टेकतात. मागच्या स्प्रिंगा आणखी कडक केल्या असत्या तर रिकाम्या गाडीत आज्जींना उसळी लागली असती. पोराला सांगितलं, बॉक्स टेम्पोनं ने. त्यानं ऐकलं.

गाडी देण्याआधी पुढच्या दोन्ही रॉडवर ग्रीसचं पातळ बोट फिरवून ठेवलं होतं. दिवाळीच्या आधी, साडेचार हजार किलोमीटर झाल्यावर, पोरगा अलाइनमेंट तपासायला आला. बूट वर सरकवले. मोकळे ४० पैकी डावीकडं ग्रीस ३४ मिमीपर्यंत पुसलं गेलं होतं, उजवीकडं ३१ पर्यंत. खुंटांची निमुळती टोकं कोरी होती. पोरानं मापं वहीत लिहिली, मी रॉड पुसून नवं ग्रीस लावलं. आज्जी मागच्या सीटवर होत्या. त्यांना मिरजेला साडेअकराची वेळ होती, म्हणून चहा न घेताच गाडी निघाली.